आधी दंडोबा, मग चांदोली

दिवाळी उरकली, की कुपवाड, सांगली, मिरजेतल्या भटक्या मंडळींचे बेत पश्चिमेकडे वळतात. चांदोली, कोयना, कास, आंबा घाट. हिरवं जंगल तिकडं, वाघाची बातमी तिकडं, म्हणून गाड्याही तिकडंच. हिवाळ्यात मात्र आधी पूर्वेकडं बघावं, असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या कोरड्या डोंगरांचा आणि माळांचा हंगाम. एप्रिलमध्ये तिथं उभं राहवत नाही आणि ऑगस्टात गवताआड काही दिसत नाही. या चार महिन्यांत गवत पिकून पिवळं पडतं, झाडांची पानं झडायला लागतात, नजर झाडीत आतपर्यंत पोचते. शिवाय हिमालयापलीकडून, मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातून निघालेले पक्षी आपल्या दारात उतरलेले असतात. एवढं सगळं कुपवाडच्या एमआयडीसीच्या कमानीपासून तासाभराच्या अंतरावर असताना वाघाच्या आशेनं शंभर किलोमीटर जाऊन रिकाम्या हातानं परतणारी मंडळी मी पाहतो, तेव्हा जीव हळहळतो.

म्हणून ज्यांना या हिवाळ्यात सुरुवात करायची आहे, त्यांनी पहिला डोंगर निवडावा दंडोबा. मिरज-पंढरपूर रस्त्यावर, भोसे गावाजवळ, कुपवाडपासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. वर कड्याच्या पोटात खोदलेलं महादेवाचं देऊळ आहे, गाभाऱ्याभोवती खडकातच कोरलेली प्रदक्षिणेची वाट आहे. श्रावणात तिथं गर्दी असते. डिसेंबरातल्या साध्या दिवशी पहाटे जवळजवळ कोणी नसतं. गाडीरस्ता असल्यामुळं म्हातारी माणसं आणि लहान पोरंही वर येऊ शकतात. तुम्ही मात्र पायथ्याला गाडी लावून चालत चढा. डोंगर दिसायचा तो चालताना.

वेळ सांगतो, कारण सगळं गणित तिथंच चुकतं. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. तुम्ही साडेसहाला पायथ्याशी असायला हवं. रात्रपाळी संपवून तसंच मोटारसायकलवर बसून निघू नका. जागरण, थंडी आणि अंधार एकत्र आले, की डोळा लागायला वेळ लागत नाही. पाळी बदलेल त्या आठवड्यात, आदल्या रात्री नीट झोपून निघा. दिवसभराचा बेतही नको. सकाळचे तीन तास आणि जमल्यास संध्याकाळचे दोन. दुपारी बारा ते तीन तिथला काळा खडक हिवाळ्यातही तापतो, जनावर सावलीला जातं, पक्षी गप्प होतात आणि माणूस उगाच थकतो.

लवकर चढण्याला आणखी एक कारण आहे. पहाटे थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. त्या वेळी तुम्ही खालून वर चढत असाल, तर वारा तुमच्या तोंडावर येतो आणि तुमचा वास मागं, खाली जातो. वरच्या झुडपातल्या कोल्ह्याला किंवा भेकराला तुमची वर्दी मिळत नाही. ऊन तापलं, साडेआठ-नऊ वाजले, की हवा उलटी फिरते आणि उतारावरून वर चढू लागते. मग तुम्ही पोचण्याआधी तुमचा वास पोचतो. शंका आली तर चिमूटभर कोरडी माती हातातून सोडून बघा, ती कुठं जाते ते. पक्ष्यांना वासाचं फारसं काही नसतं. त्यांच्यासाठी ऊन पाठीशी ठेवा, म्हणजे रंग दिसतील. समोरून ऊन आलं, तर नीलपंख आणि कोतवाल दोघंही सारखेच काळे.

थंडीच्या सकाळी सगळ्या जिवांना ऊन हवं असतं. डोंगराच्या ज्या बाजूला पहिलं ऊन पडतं, त्या पूर्व उतारावर आठ ते दहा या वेळात थांबा. मोर रात्रीचं झाड सोडून खाली उतरलेले असतात. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा: पावसाळ्यानंतर मोराचा पिसारा गळतो आणि हिवाळ्यात तो नव्यानं वाढत असतो. त्यामुळं आखूड शेपटीचे पक्षी बघून पुष्कळ जण म्हणतात, 'सगळ्या लांडोरीच दिसल्या.' मान बघा. निळी आणि चमकदार असेल तर तो मोर. तित्तर ओरडताना ऐकू येतात, पण दिसतात ते तुमच्या पायाखालून भुर्रकन उडताना. बोरीच्या जाळीजवळ सातभाईंचा कलकलाट, खडकावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा. हा थिरथिरा आपल्याकडं फक्त हिवाळ्याचा पाहुणा. एकदा त्याची ती शेपूट ओळखीची झाली, की दर नोव्हेंबरात तो आल्याचं तुमचं तुम्हालाच कळेल.

आता मुख्य गोष्ट. चालणं थांबवा आणि बसा. डोंगरावर गेलेली बहुतेक माणसं शिखर गाठायच्या घाईत असतात. वर पोचून फोटो काढून खाली येतात आणि 'इथं काहीच नाही' म्हणतात. आपण चालत असतो तेव्हा आजूबाजूचं सगळं रान दबून बसलेलं असतं. तुम्ही खडकाला पाठ टेकून, हालचाल न करता बसलात, की पंधरा-वीस मिनिटांत रान पुन्हा आपल्या कामाला लागतं. आधी शिंजीर, मग बुलबुल, मग मुंगूस. चाळीस मिनिटं बसायची तयारी ठेवा. लहान मुलांना एवढं जमत नाही, त्यांना दहा मिनिटं सांगा आणि त्या वेळात किती वेगळे आवाज ऐकू आले ते बोटांवर मोजायला लावा. सातभाई एकाच झुडपाभोवती कर्कश ओरडत असतील, टिटवी घिरट्या घालत असेल, तर त्या जागी नजर ठेवा: साप, घुबड, रानमांजर यांपैकी काहीतरी असतं. पक्षी शोधून देतात, आपण फक्त त्यांच्याकडं लक्ष द्यायचं.

जनावर प्रत्यक्ष दिसलं नाही तरी त्याची खूण दिसते आणि हिवाळ्यात ती वाचायला सोपी जाते, कारण वाटेवर मऊ धूळ असते आणि पाऊस ती पुसत नाही. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्याच्या गोलसर ठशात ती दिसत नाहीत आणि मागच्या गादीला खालच्या कडेला तीन भाग असतात. डिसेंबर-जानेवारीत बोरं पिकतात तेव्हा कोल्ह्याच्या विष्ठेत बोराच्या बिया हमखास असतात. तरस हाडं चावून खातं, त्यामुळं त्याची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी पडते. साळिंदराचा एखादा काटा मिळाला तर बघा आणि तिथंच ठेवा. ठशाचा फोटो घ्यायचा तर शेजारी पेन किंवा काड्यापेटी ठेवून घ्या, नाहीतर आकार कळत नाही.

दंडोबा ओळखीचा झाला, की माळ. कुपवाडकरांना तो अगदी जवळ आहे. बुधगावच्या पुढं कवलापूरला जुन्या विमानतळाची मोकळी जागा आहे. सरकारी जमीन आहे, आत घुसायचं कारण नाही. बाहेरच्या रस्त्यावरून दुर्बीण लावली तरी चंडोल, धोबी, टिटवी, एका जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी कापशी घार यांची ओळख करून घेता येते. खरा विस्तीर्ण माळ पुढं, कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडं. तिथल्या हिवाळ्याचं वैभव म्हणजे भोवत्या. गवताच्या शेंड्यांवरून जेमतेम हातभर उंचीनं, पंख वर धरून, डावी-उजवीकडं झुलत जाणारा हा शिकारी पक्षी कझाकस्तानसारख्या लांबच्या गवताळ प्रदेशातून येतो. दिवसभर टोळ आणि छोटे पक्षी पकडतो आणि रात्री झाडावर न जाता गवतातच, जमिनीवर, इतर भोवत्यांसोबत मुक्काम करतो. म्हणून संध्याकाळी पाचनंतर माळाच्या कडेला गाडीतच बसून राहा. ते एकेक करून उतरताना दिसतात. गवतात चालत गेलात तर सगळा मुक्काम उधळला जातो आणि अंधारात त्यांना दुसरी जागा मिळत नाही.

याच दिवसांत शाळू निसवतो, दाणा दुधात येतो आणि भोरड्यांचे थवे उतरतात. काळं डोकं, गुलाबी अंग. शेकडोंच्या संख्येनं एकदम वळणारा तो थवा मावळतीच्या उजेडात बघण्यासारखा असतो. शेतकऱ्याला मात्र तो बघवत नाही. माळ्यावर उभं राहून तो गोफण फिरवत असतो. त्याच्या बांधावर उभं राहून 'किती सुंदर' म्हणण्याआधी त्याला रामराम घाला, पीक कसं आहे विचारा. भोरडी टोळही प्रचंड खाते, हे त्यालाही माहीत असतं. हुरड्याचा बेत असेल तर याच वेळी जुळवून आणा, पक्षी आणि हुरडा दोन्ही एका शिवारात होतात.

माळावर सगळ्यात जाणकार माणूस म्हणजे मेंढपाळ. लांडगा कुठं फिरतोय, तरसाचं भुयार कुठल्या ओढ्यात आहे, खोकड कुठं दिसलं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पण वाड्याकडं सरळ चालत जाऊ नका, कुत्री अंगावर येतात. लांबूनच हाक मारा, तो कुत्र्यांना आवरेपर्यंत थांबा. आणि त्यानं लांडग्याची जागा सांगितली, तर ती तुमच्यापाशीच ठेवा. आपल्या माळांवरच्या लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यातच जन्माला येतात. बिळाजवळ माणसांची वर्दळ झाली, की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडं हलवते. त्या हलवाहलवीत पिल्लं दगावतात. समाजमाध्यमावर जागेसकट टाकलेला एक फोटो पुढच्या रविवारी तिथं दहा गाड्या आणून उभ्या करतो. फोटो टाकायचाच तर तालुक्याच्या पुढं काही लिहू नका.

माळाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सरकारी कागदांत त्याला पडीक म्हणतात आणि आपणही तेच म्हणतो. मग कुणीतरी उत्साहानं खड्डे काढतं, रोपं लावतं, पाच वर्षांनी तिथं झुडपं उभी राहतात आणि चंडोल, धाविक, पखुर्डी, भोवत्या, लांडगा यांची जागा संपते. हे सगळे जीव उघड्या गवताचे आहेत. झाडी त्यांना नको असते. प्रत्येक मोकळ्या जागेवर झाड लावणं म्हणजे निसर्गसेवा, हे खरं नाही.

हे म्हणतो तेव्हा सागरेश्वरचं नाव निघतं आणि निघायलाच हवं, कारण तिथली गोष्ट वेगळी आहे. देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, त्याच्या शेजारचे हे डोंगर चराई आणि तोडीनं उजाड झाले होते. मोहित्यांचे वडगाव इथले धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला. झाडं लावली गेली, डोंगर राखला गेला, हरणं आणून सोडली गेली आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसानं उभं केलेलं अभयारण्य म्हणून ते ओळखलं जातं. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. तिथं जे हरवलं होतं ते रान होतं आणि रानच परत आणलं गेलं. माळाला माळ ठेवणं आणि रानाला रान करणं, या दोन्ही कामांना जमिनीची ओळख लागते.

सागरेश्वर कुपवाडहून सहज एका दिवसात होतं. गाडी नसेल तर माधवनगर किंवा सांगली स्टेशनवरून ताकारीपर्यंत रेल्वे आणि पुढं वडाप किंवा रिक्षा. फक्त ताकारीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. चितळ, सांबर, काळवीट, भेकर हे तिथले मुख्य रहिवासी. प्रवेशद्वारावर नोंद करून शुल्क भरायचं आणि त्या दिवशी कुठल्या वाटा खुल्या आहेत हे वनरक्षकांना विचारायचं. वाट सोडायची नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात सांबराचे नर ऐन भरात असतात. शिंगं पूर्ण वाढलेली, कडक, मानेवर दाट केस. दुर्बिणीतून बघा, जवळ जाऊ नका. सांबरानं पाय आपटून 'ढाँक्' असा एकच मोठा आवाज काढला, तर त्याला काहीतरी खटकलेलं आहे. बहुतेक वेळा ते काहीतरी म्हणजे तुम्हीच. अशा वेळी जागेवर थांबा, खाली बसा, नजर दुसरीकडं वळवा. दोन-चार मिनिटांत ते पुन्हा पाला ओरबाडू लागतं.

वरच्या टोकांवरून कृष्णाकाठचा उसाचा पट्टा क्षितिजापर्यंत दिसतो. ते दृश्य बघून कळतं, की हे अभयारण्य चहूबाजूंनी शेतांनी वेढलेलं एक बेट आहे. कुंपणाबाहेर पडलेली हरणं शेतात शिरतात आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं, ही तिथली जुनी तक्रार. हरणांना बिस्किटं, भाकरी, केळी काही देऊ नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं हरीण कुंपणाबाहेर पडल्यावर माणसाला घाबरत नाही आणि मग कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. पायथ्याचा सागरेश्वराच्या जुन्या देवळांचा समूहही वेळ काढून पाहण्यासारखा आहे. दुपारचे तापलेले तास तिथल्या सावलीत घालवा.

परतताना संध्याकाळ उरली असेल तर कृष्णाकाठी थांबता येईल, पण मगर बघायची योग्य वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. थंड रक्ताचं जनावर. रात्रीच्या गार पाण्यातून बाहेर येऊन वाळूवर किंवा मळीवर ऊन खात पडतं. उन्हाळ्यात ते इतका वेळ बाहेर राहत नाही, म्हणून हिवाळा. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत आणि तिथं माणसांवर हल्लेही झाले आहेत. तेव्हा नियम एकच: मगर पलीकडच्या काठावर आणि तुम्ही अलीकडच्या उंच काठावर. पाण्याच्या कडेला उतरायचं नाही, हातपाय धुवायचे नाहीत, पोराला कठड्यावर उभं करायचं नाही. दगड मारून तिला हलवणारे महाभाग भेटतात. त्यांना तिथंच, स्पष्ट शब्दांत थांबवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. हिवाळ्याच्या शेवटी माद्या काठावर अंडी घालायला जागा शोधतात, त्या वेळी तर आणखी लांब राहा.

पाणपक्ष्यांसाठी विट्याच्या पुढं मायणी. ब्रिटिश काळातला तलाव, २०२१ साली मायणी आणि परिसरातल्या तलावांना मिळून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांसाठी मायणीचं नाव झालं, पण रोहित उथळ पाण्यात, चिखलात मान उलटी घालून खाणारा पक्षी. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर त्याला तिथं उभं राहायला जागा नसते. म्हणून जाण्याआधी कुणाला तरी फोन करून एवढंच विचारा, 'पाणी किती आहे?' मायणीत पाणी जास्त असेल तर येरळवाडी, सूर्याचीवाडी हे जवळचे तलाव बघा. कडेची जमीन उघडी पडू लागते त्या जानेवारीत चक्रवाक, पट्टेरी राजहंस, तुतारी असे पक्षी बघायची संधी चांगली असते. पट्टेरी राजहंस हिमालय ओलांडून येतो. तलावाच्या कडेनं फिरू नका, एका जागी बसा. काठावर चालणारा एक माणूस अख्खा तलाव उठवू शकतो.

चांदोलीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय उद्यान २००४ चं, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर, आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. गवा, अस्वल, शेकरू, धनेश तिथं आहेत. पण जंगल सदाहरित आणि घनदाट, नजर वीस फुटांपलीकडं जात नाही, आणि मनाला येईल तसं पायी भटकता येत नाही. परवानगी, ठरलेला मार्ग आणि वाहन. वारणावतीच्या वन कार्यालयातून माहिती घेऊन जा. दंडोबावर बसायला शिकलेला माणूस तिथं पानाचा आवाजही ऐकतो, न शिकलेला फक्त झाडं बघून येतो. हा क्रम सांगितला तो याचसाठी.

आता धोके. लोक बिबट्याला भितात. मी या दिवसांत सगळ्यात जास्त भितो ते पहाटेच्या रस्त्याला. गळीत हंगाम चालू असतो. उसानं भरलेले दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि नदीकाठच्या रस्त्यांवर दाट धुकं. पहाटे साडेपाचला इस्लामपूर किंवा ताकारीच्या रस्त्यावर वेग चाळीसच्या आत ठेवा. उशीर झाला तर होऊ द्या.

दुसरा धोका आग्या मोहोळाचा. कड्यांना, किल्ल्यांच्या बुरुजांना, जुन्या देवळांच्या शिखरांना लटकलेली पोळी आधी दुर्बिणीतून बघून घ्या. अंगाला सेंट, अत्तर लावून जाऊ नका, खाली धूर करू नका, दगड भिरकावू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड कापडानं झाकून पळत लांब जा. पाण्यात उडी मारून वाचता येतं ही समजूत खोटी, त्या वरच घोंगावत राहतात. मच्छिंद्रगड, वसंतगड असे किल्ले करताना हे विशेष सांभाळा.

साप थंडीत दिसत नाहीत असं समजू नका. घोणस सकाळी वाटेवर ऊन खात पडते आणि हिवाळा हा तिच्या मीलनाचा काळ, त्यामुळं दोन-दोनही दिसतात. फुरसं दगडाखाली असतं. दगड उलटायचे नाहीत, कपारीत हात घालायचा नाही, बसण्याआधी काठीनं जागा ठोकायची. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. माणसाला शांत ठेवा, चालवू नका, अंगठी-घड्याळ काढा आणि १०८ ला फोन करून मिरजेच्या किंवा सांगलीच्या शासकीय रुग्णालयाकडं न्या. मांत्रिकाकडं घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

बिबट्या आपल्याकडं आता डोंगरापेक्षा उसात जास्त आहे. २०२१ च्या मार्चअखेर तो सांगलीच्या राजवाडा चौकापर्यंत आला होता आणि त्याच वर्षी डिसेंबरात मार्केट यार्डात गवा. ऊसतोड चालू असलेल्या शेतात बछडी सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. मादी जवळपास असते आणि रात्री न्यायला येते. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ फोनमध्ये साठवून ठेवा. फासे, जाळी, बंदुकीचा आवाज, जखमी जनावर, वणवा, सगळ्यासाठी तोच क्रमांक.

वणव्याचं वेगळं सांगायला हवं. जानेवारीपासून गवत वाळून कडकडीत होतं. दंडोबा, गिरलिंग या डोंगरांवर चूल मांडून मटणाचा बेत करणारे गट येतात. त्यांना वाटतं, की विस्तव विझला. पण राखेखालची ठिणगी वाऱ्यावर तासाभरानं उठते. डोंगरावर शिजवू नका. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ आणि दोन पेरू घेऊन जा; पोट भरतं, आवाज करणारं प्लास्टिक लागत नाही. माणशी दोन लिटर पाणी, दिवस मोठा असेल तर तीन.

कपड्यांत भडक रंग नकोत. मातकट, हिरवट, करडा चालेल. पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीस, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर घाला आणि काढत जा. कुसळ हा हिवाळ्याचा खास त्रास. लोकरी मोज्यांत ती शेकड्यानं रुततात. पँट मोज्यात न खोचता मोज्यावरून खाली सोडा, कापड गुळगुळीत असू द्या. मेंढ्या चरलेल्या गवतात बसला असाल तर घरी येऊन कानामागं, काखेत, कमरेला गोचीड लागली आहे का ते बघा. दुर्बीण घ्यायची झाली तर ८×४० किंवा ८×४२ पुरे. जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते. नसली तरी अडत नाही. दोन-तीन घरांत मिळून एक घ्या.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची पद्धत हल्ली बोकाळली आहे. ती सोडून द्या. शृंगी घुबडाचा अंडी-पिल्लांचा काळ याच महिन्यांत असतो. प्रतिस्पर्धी आला समजून ते घरटं सोडून येतं आणि अंडी थंडीत उघडी पडतात.

आणि एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, हवा, काय दिसलं, किती दिसलं, काय करत होतं. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा, चोच, पाय, शेपटीची हालचाल, आणि घरी येऊन मारुती चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'त शोधा. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. वहीचं पहिलं पान त्या आठवड्यात दंडोबावर लिहा. मग त्याच वाटेनं, त्याच वेळी, दर पंधरवड्याला जा. थिरथिरा कधी आला, काटेसावर कधी फुलली, पळसावर पहिली गर्दी कुणाची झाली, भोवत्या कधी दिसेनासे झाले, हे लिहीत राहा. फेब्रुवारीअखेर ती यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा, किंवा मिरजेच्या वन कार्यालयात एक प्रत नेऊन द्या. त्या डोंगराबद्दल काही ठरवायची वेळ येते तेव्हा तिथं कोण राहतं याची लेखी नोंद कुणाकडं तरी असावी लागते.